विश्लेषण : कमी दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांचे दुखणे गर्भातच का सुरू होते? चाकण-पिंपरीच्या कामगार पट्ट्यात कायद्याचे संरक्षण उशिरा का पोहोचते?

‘बाळ काचेत ठेवलंय’ असे घरचे सांगतात तेव्हा ऐकणाऱ्यांचा पहिला प्रश्न वजनाचा असतो. वजन वाढले की बाळ घरी, असा सर्वसाधारण समज. पण अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आत जन्मलेल्या बाळाची सुटी अनेकदा फुप्फुसांवर अडते. ऑक्सिजनची नळी काढली की बाळ निळे पडते, पुन्हा लावली की सावरते आणि हे आठवडेच्या आठवडे चालते. या दुखण्याला ब्रॉन्कोपल्मनरी डिसप्लेझिया, थोडक्यात बीपीडी म्हणतात. पालक त्याचा दोष बहुधा व्हेंटिलेटरला देतात, कधी रुग्णालयाला. संशोधकांचे लक्ष मात्र गेल्या दोन-अडीच दशकांत जन्माआधीच्या महिन्यांकडे वळले आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी ते चाकण या पट्ट्यात अनेक महिलांचे गरोदरपण कारखान्याच्या शिफ्टमध्ये जाते. तिथे या संशोधनाचा अर्थ रुग्णालयाच्या भिंतींपुरता राहत नाही.

नेमका आजार काय?

गर्भातील फुप्फुसे ठरलेल्या क्रमाने वाढतात. साधारण सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यात श्वासनलिकांना पुढे फांद्या फुटतात आणि त्यांच्याभोवती बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे पसरते. त्यानंतर छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत पातळ भिंतींच्या पिशव्या तयार होतात. रक्तात प्राणवायू मिसळतो ते वायुकोश मोठ्या संख्येने तयार होतात त्याच्याही नंतर, आणि हे काम जन्मानंतर काही वर्षे सुरू राहते. श्वास सोडताना फुप्फुसे आतून मिटू नयेत यासाठी लागणारा सरफॅक्टंट हा पदार्थ चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागतो. तो पुरेसा होईपर्यंत चौतिसावा-पस्तिसावा आठवडा उजाडतो.

सव्विसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला हे सगळे बांधकाम बाहेरच्या हवेत, श्वास घेता घेता पूर्ण करावे लागते. हा आजार पहिल्यांदा नोंदवला तो अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या विल्यम नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी, १९६७ मध्ये. तेव्हा व्हेंटिलेटर नवे होते आणि जोरकस दाब व भरपूर ऑक्सिजन यांनी बाळांच्या फुप्फुसांवर व्रण पडत. पुढे सरफॅक्टंटची औषधे आली, नाकावाटे सौम्य दाबाने हवा देणारे सीपॅप आले, व्रण कमी झाले. आजार मात्र गेला नाही, त्याचे रूप बदलले. आता या बाळांच्या फुप्फुसांत वायुकोश संख्येने कमी आणि आकाराने मोठे दिसतात, रक्तवाहिन्या विरळ दिसतात. जखमेपेक्षा थांबलेली वाढ हे त्याचे मुख्य लक्षण झाले. गर्भवयाचे ३६ आठवडे भरल्यावरही बाळाला ऑक्सिजन किंवा श्वासाचा आधार लागत असेल, तर बीपीडीचे निदान होते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात १ कोटी ३४ लाख बाळे ३७ आठवड्यांच्या आत जन्मली; त्यांतील सुमारे ३० लाख भारतात. यांतील बहुतेक बाळे ३२ आठवड्यांनंतरची असतात आणि त्यांना हा आजार सहसा होत नाही. खरा धोका अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आतल्या बाळांना. पूर्वी ही बाळे वाचतच नसत. नवजात अतिदक्षता विभाग सुधारतील तसे बीपीडीचे रुग्ण वाढलेले दिसतील, आणि त्यात गैर काही नाही.

जन्माआधीची कारणे कोणती?

अमेरिकेतील १४ रुग्णालयांत २००२ ते २००४ या काळात २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांचा ‘एल्गन’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात आईच्या आणि गर्भाच्या अनेक बाबी तपासल्या गेल्या. फुप्फुसांच्या दीर्घ आजाराशी सर्वांत ठळक नाते निघाले ते गर्भाच्या खुंटलेल्या वाढीचे. दोन बाळे सव्विसाव्या आठवड्यातच जन्मली, पण एकाचे वजन त्या आठवड्याला साजेसे आणि दुसऱ्याचे बरेच कमी, तर दुसऱ्याला धोका अधिक. म्हणजे बाळ किती लवकर आले एवढेच पाहून भागत नाही. येण्याआधी त्याचे पोषण कसे चालले होते, हेही पाहावे लागते.

पोषण पोहोचवते ती वार. गरोदरपणातला उच्च रक्तदाब, म्हणजे प्रीएक्लाम्प्सिया, हा मुळात वारेचा आजार. अशी वार रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी प्रथिने आईच्या रक्तात सोडते. आईचा रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जातात, हे डॉक्टरांना दिसते. त्याच वेळी गर्भाच्या फुप्फुसांतल्या कोवळ्या रक्तवाहिन्याही खुंटत असाव्यात, असे आता मानले जाते. वायुकोश रक्तवाहिन्यांच्या मागोमाग वाढतात. वाहिनी नाही तिथे वायुकोशही नाही. रक्तदाब हाताबाहेर गेला की आईचा जीव वाचवण्यासाठी प्रसूती लवकर करावी लागते आणि आधीच अशक्त फुप्फुसे वेळेआधी कामाला लागतात.

तिसरे कारण संसर्ग. गर्भजलाच्या पिशवीला सूज आली की गर्भाची फुप्फुसे घाईने पिकतात. त्यामुळे जन्मानंतर पहिल्या काही दिवसांचा श्वासाचा त्रास कमी, पण पुढे दीर्घ आजाराची शक्यता अधिक, असा उलटसुलट निष्कर्ष १९९६ मधील एका गाजलेल्या अभ्यासातून निघाला. नंतरच्या सर्व अभ्यासांनी त्याला दुजोरा दिलेला नाही. पण संसर्गामुळे प्रसूती लवकर होते, यावर दुमत नाही. मुलग्यांना मुलींपेक्षा हा आजार अधिक होतो; त्यावर इलाज नाही. आनुवंशिकतेचाही वाटा आहे.

पुण्याच्या संशोधनातून काय दिसते?

गर्भाची वाढ हा विषय पुणे जिल्ह्याला नवा नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने तो जगभर ओळखला जातो. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन तिथे सुमारे २.७ किलो निघाले. पालेभाज्या, फळे आणि दुधाचे पदार्थ अधिक खाणाऱ्या मातांची बाळे तुलनेने मोठी होती. याच अभ्यासातील २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मात्र कमी चर्चेत आला. ज्या महिलांचे अंगमेहनतीचे काम, म्हणजे शेत, पाणी, धुणे, अधिक होते, त्यांच्या बाळांचे वजन आणि डोक्याचा घेर कमी भरला.

हा अभ्यास फुप्फुसांचा नव्हता आणि त्यातील माता शेतीतल्या होत्या. पण खाणे कमी आणि कष्ट जास्त असले की गर्भाच्या वाट्याला कमी येते, हे त्यातून इथल्याच मातीत दिसले. तीस वर्षांत याच जिल्ह्यातली बरीच शेते गोदामांखाली गेली. शेतातले वाकणे गेले, तिथे असेंब्ली लाइनवरचे उभे राहणे आले. त्यात रक्तक्षयाची भर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले.

मिश्रीचा प्रश्न वेगळा का?

पाश्चात्त्य संशोधनात आईचे धूम्रपान हे या आजाराचे एक ठळक कारण. महाराष्ट्रात सिगारेट ओढणाऱ्या गर्भवती फारशा नाहीत, म्हणून हा मुद्दा बाजूला ठेवला जातो. तो ठेवू नये. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे मिश्री, हिरड्यांना लावण्याची सवय अनेक घरांत आहे. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. तिच्या लेखी ते दात घासणे असते. अनेकींना मिश्रीची सवय दातदुखीपासून लागते, आणि गरोदरपणातल्या मळमळीवरही ती उतारा मानली जाते.

मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या पाहणीवर आधारलेला डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्याचा अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू, त्यातही मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सरासरी सहा दिवस आधी झाली. ३७ आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याची शक्यता १.४ पट, ३२ आठवड्यांच्या आत जवळपास पाचपट, तर २८ आठवड्यांच्या आत आठपट होती. शेवटचा आकडा थोड्याच प्रसूतींवर बेतलेला असल्याने त्यात कमी-अधिक होऊ शकते. पण धोका अगदी लवकरच्या प्रसूतीकडे वाढत जातो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तपासणीच्या वेळी ‘मिश्री लावता का?’ असा सरळ प्रश्न विचारायला खर्च शून्य आहे.

हवा आणि शिफ्ट यांचा वाटा किती?

औद्योगिक पट्टा म्हटले की बोट आधी हवेकडे जाते. पुण्यातील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ प्रकल्पाची केंद्रे भोसरी, निगडी, आळंदी येथेही आहेत, त्यामुळे रोजचे आकडे मोबाइलवर दिसतात. २०२५ मध्ये आयआयटी दिल्ली, मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि परदेशी विद्यापीठांच्या संशोधकांनी सर्वेक्षणातील नोंदी उपग्रहाच्या आकडेवारीशी ताडून पाहिल्या. अतिसूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण जास्त तिथे मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता ७० टक्क्यांनी अधिक आढळली. हे नाते उत्तर भारतात अधिक ठळक होते. असा अभ्यास सहसंबंध दाखवतो. भोसरीतल्या एखाद्या बाळाचा आजार तिथल्या धुराड्यामुळेच झाला, असे त्यावरून म्हणता येत नाही.

कामाच्या बाबतीतही मोजूनमापूनच बोलावे लागते. आठवड्याचे लांबलचक तास, दीर्घकाळ उभे राहणे, फिरती शिफ्ट यांनी मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढतो, पण थोडाच, असे जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित सार आहे. कारखान्यात काम करणे म्हणजे बाळाला धोका, असे मुळीच नाही. नियमित पगार, विमा आणि दुपारचे कँटीनचे जेवण हे गर्भाच्या फायद्याचेच. प्रश्न रक्तदाब चढलेल्या, रक्तक्षय असलेल्या किंवा गर्भाची वाढ मागे पडलेल्या महिलेचा आहे. तिला बसून करायचे काम कोणत्या महिन्यात मिळावे?

कायदा कोणत्या आठवड्यात जागा होतो?

मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली, हे सर्वांना माहीत आहे. कलम ४ मात्र फारसे कुणी वाचत नाही. कष्टाचे किंवा बराच वेळ उभे राहण्याचे काम गर्भवतीला देऊ नये, असे ते सांगते. त्याला दोन अटी आहेत. एक, तिने तशी विनंती केली पाहिजे. दोन, हे संरक्षण अपेक्षित प्रसूतीच्या आधीचे सहा आठवडे आणि त्याच्याही आधीचा एक महिना एवढ्याच काळासाठी आहे. चाळीस आठवड्यांचा हिशेब मांडला, तर हे दार उघडते तिसाव्या आठवड्याच्या सुमारास. प्रसूतीपूर्व रजाही जास्तीत जास्त आठ आठवडे, म्हणजे बत्तिसाव्या आठवड्यापासून.

बीपीडीचा मोठा धोका असलेले बाळ तोवर जन्मून काचेत गेलेले असते. वार बिघडते ती पहिल्या पाच महिन्यांत, रक्तवाहिन्यांचे जाळे विणले जाते ते सव्विसाव्या आठवड्यापर्यंत, आणि कायद्याची पहिली सवलत तिसाव्यात. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही रचना तशीच उतरली आहे. साठ वर्षांपूर्वी कायदा झाला तेव्हा सव्विसाव्या आठवड्याचे बाळ जगण्याची शक्यता जवळपास नव्हती, त्यामुळे तेव्हाच्या आखणीला दोष देण्यात अर्थ नाही. आज मात्र ही मुदत डॉक्टरी दाखल्याशी जोडता आली असती. रक्तदाब किंवा खुंटलेल्या वाढीचे निदान ज्या आठवड्यात होईल, त्या आठवड्यापासून बैठे काम, एवढी ती तरतूद. नव्या संहितेत ही संधी हुकली.

पात्रतेचाही अडसर आहे. कायद्याखाली लाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम लागते. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना राज्य कामगार विम्याचा आधार आहे आणि या भागासाठी चिंचवडच्या मोहननगरात विमा रुग्णालय आहे. पण त्यासाठी ७० दिवसांचे अंशदान लागते. काही महिन्यांच्या ठेक्यावर, मधे खंड पाडून काम करणाऱ्या महिलेचे दिवस भरतीलच असे नाही. आणि ‘विनंती’ करण्याचा अधिकार तिच्यापाशी कागदावरच असतो. गरोदर असल्याचे सुपरवायझरला सांगितले तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, ही भीती असली की बाई पोट दिसेपर्यंत गप्प बसते. तोवर पाच महिने झालेले असतात.

पहिली सोनोग्राफी इतकी महत्त्वाची का?

अकाली प्रसूती अटळ दिसू लागली, तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी त्याचा उपयोग दाखवून दिला. डेक्सामेथासोन हे औषध स्वस्त आहे. सहा मिलिग्रॅमचे चार डोस, दर बारा तासांनी. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान ते देण्यास सांगितले आणि मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस देण्याची मुभा एएनएमनाही दिली. याने मृत्यू, मेंदूतील रक्तस्राव आणि सुरुवातीचा श्वासाचा त्रास कमी होतो. बीपीडी मात्र त्याने स्पष्टपणे कमी झालेला दिसत नाही. सगळे बरे करणारे इंजेक्शन म्हणून त्याकडे पाहू नये.

त्याचा एक धडा महाराष्ट्र आणि सीमाभागाशी जोडलेला आहे. सहा देशांतील एका मोठ्या चाचणीत नागपूर आणि बेळगाव ही केंद्रे होती. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. गावपातळीवर स्टेरॉइडचा वापर वाढवला, तर लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट एकूण नवजात मृत्यू किंचित वाढले. दिवस नीट मोजलेले नसल्याने ज्यांना गरज नव्हती अशा अनेक मातांना इंजेक्शन मिळाले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत सुसज्ज रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस निश्चित करून चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०२० चे आहेत. नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच होते. दिवसांचा अचूक हिशेब आणि बाळाची काळजी घेण्याची सोय यांनी फरक पडला.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी चुकवू नये. प्रीएक्लाम्प्सियाचा धोका ओळखून बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू केलेली ॲस्पिरिनची छोटी गोळीही उपयोगी ठरते. २०१७ च्या युरोपातील चाचणीत ३७ आठवड्यांच्या आतला प्रीएक्लाम्प्सिया त्यामुळे ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. ही गोळी कुणी घ्यायची हे डॉक्टरच ठरवतात. पण विसाव्या आठवड्यात नोंदणी करणाऱ्या महिलेसाठी ती वेळ निघून गेलेली असते.

चाकणची अडचण कुठे?

खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, कुरुळीच्या भाड्याच्या खोल्यांत मराठवाडा-विदर्भापासून बिहार-ओडिशापर्यंतची कुटुंबे राहतात. नोंदणी इथे, बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून बीड किंवा लातूरची गाडी पकडायची रीत आहे. गर्भाची वाढ मागे पडते आहे का, रक्तदाब चढतो आहे का, हे कळण्याचा काळ नेमका हाच. माता व बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद पिशवीत नसतील, तर गावाकडच्या डॉक्टरला पाटी कोरी मिळते.

प्रसूती इथेच, वेळेआधी सुरू झाली तर? सरकारी रचनेत ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर नवजात बाळ स्थिर करण्याची सोय अपेक्षित असते. दीर्घकाळ श्वासाचा आधार मोठ्या रुग्णालयातच मिळतो. चाकणहून पिंपरीतील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय सुमारे २० किलोमीटर आहे. आंबेठाण चौक, तळेगाव चौक आणि मोशीची कोंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे २० किलोमीटर काय असतात ते माहीत आहे. अशा वेळी बाळ जन्मल्यावर रुग्णवाहिकेत घालण्यापेक्षा आईला आधीच हलवणे कितीतरी सुरक्षित. पाणी जाणे, पोट दर पंधरा-वीस मिनिटांनी कडक होणे, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणे, लघवीला जळजळ. यांतले काहीही शिफ्ट संपेपर्यंत थांबवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे.

घरी आल्यावर काय?

सव्विसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ साधारण मूळ तारखेच्या आसपास घरी जाते. म्हणजे आईच्या २६ आठवड्यांच्या रजेतले सुमारे १४ आठवडे अतिदक्षता विभागाच्या बाकावर गेलेले असतात. कायद्यात मुदतपूर्व प्रसूतीनंतर आणखी एक महिना पगारी रजेची तरतूद आहे, पण ती आईच्या स्वतःच्या आजारपणासाठी. बाळाच्या आजारपणाचा उल्लेख त्यात नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाला वर्षाचे होईपर्यंत सरकारी रुग्णालयात मोफत उपचार मिळतात.

या बाळांना पहिली दोन वर्षे साध्या सर्दीनेही पुन्हा भरती व्हावे लागू शकते. लसी वेळेवर, आईचे दूध, घरात विडी-सिगारेटचा धूर नाही, एवढे डॉक्टर सांगतात. एकाच खोलीच्या घरात चूल, उदबत्ती, डासांची कॉइल आणि तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीचा धूरही त्यात धरावा लागतो. वायुकोशांची वाढ अजून सुरू असते. आई कामावर परतते तेव्हा बाळाचे खरे वय, मूळ तारखेपासून मोजले तर, जेमतेम तीन महिने असते.